जिथे वास, तिथे औषध

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिडायचं असेल तर वहीवर चिडा, माणसांवर नको; रक्तदाब आपोआप उतरेल. म्हणून ही वही. पहिल्याच दिवशी भरपूर ऐवज मिळालाय.

आज सांडपाणी केंद्राचा ताबा घेतला. उमेदीची सगळी वर्षं पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात काढली आणि आता ही बढती. काल-परवापर्यंत शहर जे पितं ते मी बघत होते, आता शहर जे सोडतं ते बघायचं. नवरा म्हणाला, "म्हणजे पाण्याशी नातं तुटलं नाही, नुसती बाजू बदलली." त्याला विनोद सुचतात, वास मला येतो.

आधीचे प्रमुख निवृत्त झाले. किल्ल्यांचा जुडगा हातात देताना म्हणाले, "बाई, एक सांगून ठेवतो. इथे फार स्वच्छता करायला जाऊ नका." मला हसू आवरेना. आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा द्यावा तर असा! भिंतींवर बोटभर शेवाळ, पाटाच्या कडेला चिकट काळा थर, कठडे असे की हात लावला तर हात धुवावा आणि धुवायला नळ उघडला तर पुन्हा धुवावा. पंप आणि झडपा सांभाळणाऱ्या माणसाला इथे हवालदार म्हणतात. पोलिसात कधीच नव्हते, पण मिशा आणि सलाम दोन्ही तसलेच. मी म्हटलं, "हवालदार, आपण हे सगळं लखलखीत करू." त्यांनी कडक सलाम ठोकला. निदान एक माणूस तरी कामाचा दिसतोय.

५ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेतल्या बाईंनी आज मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. माझ्याच वयाच्या आहेत. बोलतात कमी, डोळा नळीला लावून बसतात जास्त, म्हणून सगळे त्यांना सूक्ष्मताई म्हणतात.

केंद्राचं काम तसं सोपं आहे. शहराचं पाणी जाळीतून येतं, वाळू खाली बसते, आणि बाकीची घाण मोठ्या हवेच्या टाकीत जाते. तिथे तळातून सतत हवा बुडबुडत असते आणि तपकिरी गाळात राहणारे जंतू ती घाण खाऊन टाकतात. पुढच्या गोल टाकीत गाळ तळाला बसतो, वरचं नितळ पाणी नदीला जातं, आणि बसलेला गाळ परतीच्या विहिरीतून पंपाने पुन्हा हवेच्या टाकीत. म्हणजे तीच पंगत उठते आणि तीच पुन्हा बसते.

सूक्ष्मताईंनी त्यातले काही पाहुणे दाखवले. देठावर उभ्या इवल्या घंटा. तोंडं उघडून खातात, धक्का लागला की देठ आकसून घेतात. "घंटा उघड्या असल्या की टाकीची तब्येत चांगली," त्या म्हणाल्या. "मी सकाळी आधी यांना बघते, मग चहा."

"हे बघून चहा जातो?"

"न बघता जात नाही."

माझं शिक्षण, नोकरी, सगळं आयुष्य जंतू मारण्यात गेलं. आता त्यांची सरबराई करायची. जमेल म्हणा, सासरी गेल्यावर बाई काय काय शिकत नाही.

९ मार्च, रविवार

जेवायला बोलवायला म्हणून सासरेबुवांना शोधत नदीवर गेले. निवृत्त झाल्यापासून ते रोज गळ टाकून बसतात. घरात आजवर एक मासा आलेला नाही. विचारलं तर म्हणतात, "मासा नाही म्हणाला."

शेजारी त्यांचे मित्र रंगारीकाका बसले होते. कापडाला निळीचा रंग देणारे शहरात आता ते एकटेच उरलेत. हात कोपरापर्यंत निळे, नखं तर काळीच म्हणावीत. दोघं मिळून दिवसभरात चार वाक्यं बोलत असतील, तरी एक जण आला नाही तर दुसऱ्याला करमत नाही. आमच्या केंद्राचं पाणी थोडं वरच्या अंगाला नदीत पडतं. काका तिकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझं पाणी पडतं ना पोरी, तिथे मासे गोळा होतात. पूर्वी तिथे उभं राहवत नव्हतं." ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकांच्या अंगाला मात्र एक आंबूस, कुबट वास येतो. परतताना सासरेबुवांना विचारलं. म्हणाले, "तो त्याच्या रांजणाचा. आजोबांच्या वेळचा रंग आहे त्यात. रोज खायला घालतात, ढवळतात, पण कधी रिकामा केला नाही." तीन पिढ्यांचं शिळं पाणी! घरी आल्यावर सासरेबुवांचा सदरा वेगळा भिजवला.

१२ मार्च, बुधवार

पालिकेचे मोठे साहेब पाहुणे घेऊन केंद्र बघायला येणार आहेत. हीच संधी. माझ्या जुन्या केंद्रात फोन करून क्लोरीनच्या पाण्याची पिंपं मागवली. आम्ही त्याला नुसतं औषध म्हणतो. तिकडच्या लोकांनी हसत हसत भरून दिली. माहेरच्या माणसांनी हात आखडता घेतला नाही. उद्यापासून घासणं.

१८ मार्च, मंगळवार

काय रूप पालटलंय! भिंती पांढऱ्या, पाट पांढरे, जाळी चकचकीत. कठड्याला हात लावून मी हात धुतला नाही.

वास मात्र चिवट आहे. हवालदार विचारायला आले, "मॅडम, सगळ्यात जास्त वास परतीच्या विहिरीला. तिथेही औषध टाकू का?" म्हटलं, "विचारता काय? जिथे वास, तिथे औषध." त्यांनी सलाम ठोकला आणि गेले. अशी दहा माणसं मिळाली तर मी शहर बदलून दाखवीन. सूक्ष्मताई भाचीच्या लग्नाला गेल्या आहेत. परत आल्या की त्यांना केंद्र ओळखू येणार नाही.

२० मार्च, गुरुवार

भेट पार पडली. मोठे साहेब पाहुण्यांना म्हणाले, "हे सांडपाणी केंद्र आहे की इस्पितळ?" सगळे हसले. मी वरवर लाजले, आतून फुलून गेले. वासाचा मागमूस नव्हता.

आधीच्या प्रमुखांना कोणीतरी हे दाखवायला हवं होतं.

२४ मार्च, सोमवार

काहीतरी बिनसलंय. हवेच्या टाकीवर पांढरा फेस चढतोय. गाळ बसत नाही, धुरळ्यासारखा तरंगतो, आणि नदीला जाणारं पाणी गढूळ.

सूक्ष्मताई आज हजर झाल्या. पर्स खांद्याला तशीच, सरळ सूक्ष्मदर्शकापाशी. कितीतरी वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "घंटा मेल्या."

"सगळ्या?"

"मला एकही उघडी दिसत नाही. आणि टाकीत हवा नेहमीपेक्षा जास्त उरतेय. म्हणजे ती घेणारं कोणी राहिलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, क्लोरीन आहे का बघू का?"

मी म्हटलं, "ताई, अख्खं शहर क्लोरीनच्या जिवावर जगतं. मीच ते वर्षानुवर्षं लोकांना पाजलंय. त्याच्यावर संशय घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच." जरा खवचटपणेच म्हणाले. त्या नळ्या धुवायला लागल्या.

वास पुन्हा सुरू झालाय. हवालदारांना म्हटलं, हयगय करू नका.

२६ मार्च, बुधवार

आमचं पाणी नदीत पडतं तिथून खाली मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडताहेत. सासरेबुवांनी गळ गुंडाळून ठेवला. जेवताना म्हणाले, "आज मासा हो म्हणत होता. हाताने उचलता आला असता. मीच नाही म्हणालो." ते नेहमीसारखं बोलले, पण भात तसाच टाकून उठले.

टाकीत हवा उतू चाललीय आणि नदीत हवा नाही. शहर रोज जे सोडतं ते आता न धुता तसंच नदीत जातंय आणि त्या सगळ्यावर माझ्या सहीचा पहारा आहे.

वरून कोणीतरी विष सोडलंय, हे नक्की. इस्पितळ? धुलाईवाले? दुपारी जाळीपाशी उभी होते तेव्हा पाण्यात निळसर रेघ दिसली. मी ओरडलेच. सूक्ष्मताई म्हणाल्या, "ती अधूनमधून असतेच, मॅडम. मी आले तेव्हापासून बघते." असेल. रोज थोडं थोडं विष घेणारा माणूस एक दिवस कोसळतोच की.

२७ मार्च, गुरुवार

काकांच्या कारखान्यात जाऊन आले. कारखाना कसला, घराची मागची खोली. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण, वर लाकडी झाकण. झाकण काढलं आणि मी दोन पावलं मागे सरले. काय तो दर्प! वर तांबूस साय, मधे जांभळ्या बुडबुड्यांचा गुच्छ, खाली हिरवट पिवळं पाणी. काकांनी कौतुकाने कापड बुडवून दाखवलं. बाहेर काढलं तेव्हा हिरवं, आणि वाऱ्यावर धरल्यावर माझ्या डोळ्यांदेखत निळं झालं.

"हे कुजलंय, काका."

"कुजत नाही, पोरी. जगतंय. दुखलं-खुपलं तर मला वासावरून कळतं."

म्हाताऱ्या माणसाशी वाद काय घालायचा. कापडं धुतलेलं पाणी कुठे जातं विचारलं. त्यांनी मोरी दाखवली. ती सरळ गटारात, गटार आमच्याकडे.

मला वाईट वाटलं. सासरेबुवांचे मित्र आहेत. पण नदीपुढे मित्र कसला आणि नातं कसलं. नमुना घेतला.

२९ मार्च, शनिवार

अहवाल दिला. 'प्रथमदर्शनी कारण' असा सावध शब्द घातला होता, पण वर जाईपर्यंत 'प्रथमदर्शनी' कुठेतरी गळून पडला. संध्याकाळी पालिकेच्या माणसांनी काकांच्या मोरीचं तोंड सिमेंटने बंद केलं. मोठ्या साहेबांचा फोन आला: "गुन्हेगार सापडला, छान."

काकांनी नुसतं विचारलं म्हणे, "पोरीनं तपासलं का?" ती माणसं हो म्हणाली.

घरात सासरेबुवा ताटाकडे बघत जेवतात. नवरा त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मीठ सरकवतो.

३० मार्च, रविवार

सासरेबुवा दुपारी कुठेतरी जाऊन आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. तोही निळसर, घाणेरडा. काय खणत होतात विचारलं तर म्हणाले, "पाय धुतो." दारापासून न्हाणीघरापर्यंत पावलं उमटली. या वयात काय सुचतं एकेक! फरशी मी स्वतः औषध घालून पुसली.

२ एप्रिल, बुधवार

मोरी बंद झाली, निळी रेघ गेली, तरी टाकी मेलेलीच. सूक्ष्मताईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." हे बोलणं मला बोचलं. वास वाढतच चाललाय. नवरा म्हणाला, "तुझ्या टाकीला काय झालंय ते कळेपर्यंत तू आम्हाला सगळ्यांना फिनेलने आंघोळ घालशील."

हसायची वेळ नव्हती. मी खोलीत जाऊन रडले.

४ एप्रिल, शुक्रवार

शेवटी शेजारच्या शहरातल्या केंद्राला फोन केला. तिथल्या प्रमुखबाई ठसक्यात बोलणाऱ्या. म्हटलं, तुमच्या टाकीतला जिवंत गाळ हवाय. म्हणाल्या, "विरजण ना? देते की. टँकर पाठवा. पण तुमचं आधीचं कशाने मेलं?"

मी निळीचं सांगितलं.

"निळीने? एका माणसाच्या निळीने अख्खी टाकी मेल्याचं मी तरी ऐकलं नाही. नीट शोधा बाई. कारण तिथेच बसलं असेल तर माझंही विरजण फुकट जाईल. मारायला नाही देत मी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ राग येत राहिला. त्यांचा, की आणखी कशाचा, कळलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

टँकर येणार म्हणून सकाळी तयारी चालली होती. हवालदार आले, सलाम केला, म्हणाले, "मॅडम, नवा गाळ येणार म्हणजे पाहुणाच. त्याच्यासाठी टाकीतही औषध टाकून ठेवू, की रोजच्यासारखं नुसतं विहिरीत?"

"रोजच्यासारखं?"

"रोज एक पिंप टाकतोय की परतीच्या विहिरीत. जिथे वास तिथे औषध. मधे वास वाढला तेव्हा तुम्ही म्हणालात हयगय नको, तर दोन केली." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा हात सलामातच अडकला. "काही चुकलं का? तुम्ही बंद करा म्हणाला नव्हतात."

परतीच्या विहिरीतून जो गाळ जातो तोच हवेच्या टाकीत जातो. मी हे पहिल्याच आठवड्यात शिकले होते. तीच पंगत उठते, तीच पुन्हा बसते. आणि दोन पंगतींच्या मधल्या दारात मी रोज विष ठेवलं.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "पिंपं उचला. एकूण एक."

प्रयोगशाळेत गेले. सूक्ष्मताईंनी चाचणीची पट्टी बुडवली. ती रंगली. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मी विचारलं होतं." बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

८ एप्रिल, मंगळवार

मोठ्या साहेबांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "औषध बंद केलंत ना? नवा गाळ येतोय ना? मग झालं. रंगाऱ्याचं प्रकरण कागदावर बंद आहे. ते उघडलं तर त्या दिवशीचे पाहुणे विचारतील, मीही त्यांत आलो. आणि तुमची बढती अजून पक्की व्हायची आहे. झाकली मूठ राहू द्या."

"आणि काकांची मोरी?"

"उघडू हो, दोन-तीन महिन्यांनी. सावकाश. कोणाच्या लक्षात येणार नाही."

खरं सांगायचं तर जिन्यापर्यंत मला ते पटलं होतं. जिन्यातच बसले. वाटलं, मोरीच तर आहे, दोन-तीन महिन्यांनी उघडेल. चूक सगळ्यांकडून होते. मी काही जाणूनबुजून केलं नाही. मग आठवलं, त्या माणसाने एवढंच विचारलं होतं, पोरीनं तपासलं का.

टेबलाशी जाऊन दुसरा अहवाल लिहिला. औषध माझ्या हुकमाने टाकलं गेलं, हवालदारांनी फक्त तो पाळला, रंगाऱ्याचा या प्रकाराशी संबंध नाही, मोरी तात्काळ उघडावी. 'प्रथमदर्शनी' वगैरे काही घातलं नाही. आवक खिडकीत दिला आणि पोच घेतली, म्हणजे मलाही मागे फिरता येणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

सासरेबुवांना म्हटलं, "बाबा, काकांकडे चला माझ्याबरोबर." त्यांनी चप्पल घातली.

पालिकेची माणसं सकाळीच सिमेंट फोडून गेली होती. काका ओट्यावर बसले होते. मी खाली बसले आणि एका दमात सांगितलं. औषध, विहीर, माझा हुकूम, माझा अहवाल. माफी मागितली. वाटलं होतं चिडतील, निदान तोंड फिरवतील.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी नाही?"

"नाही, काका."

"मासे... ते मी नाही मारले?"

"मी मारले."

ते तोंडावर हात धरून रडले. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. पांढरे फटक. नखंसुद्धा. "मला वाटलं," ते म्हणाले, "जन्मभर नदीवर जाऊन बसतो आणि तिलाच विष पाजतो. तिच्याकडे बघवेना. तू शिकलेली, तू तपासलंस. मग खरंच असणार ना."

माझ्यावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नव्हता. मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत. मला ते सोयीचंही होतं.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. रांजणाचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी आत जाऊन वाकून बघितलं. रिकामा. आतून घासून पुसून कोरडा केलेला. कसलाही वास नव्हता. इतकी स्वच्छ जागा मी आजवर पाहिली नाही आणि तिथे उभं राहवेना.

"गटारात ओतवेना," काका मागून म्हणाले. "परसात खड्डा केला. हा होता मदतीला."

सासरेबुवा खाली बघत होते. निळसर चिखल. फरशीवरची पावलं. मी औषध घालून पुसली ती.

वाटेत त्यांना विचारलं, "बाबा, मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. दारातून आत आलो, तर तू म्हणालीस, पाय किती घाण."

१२ एप्रिल, शनिवार

टँकर आले. प्रमुखबाई स्वतः बरोबर आल्या होत्या. आधी पट्टी लावून पाहिली, मगच नळी सोडू दिली. तपकिरी, दाट, मातकट वासाचा गाळ माझ्या पांढऱ्याफेक टाकीत पडला. त्या म्हणाल्या, "फारच गोरी आहे हो तुमची टाकी." मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं.

हवालदार हात मागे बांधून उभे होते. बहुतेक सलाम करावा की नाही ते ठरत नव्हतं. त्यांना सांगितलंय, माझा हुकूम पटला नाही तर 'का' विचारायचं. म्हणाले, "सवय नाही, मॅडम." म्हटलं, मलाही नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

सूक्ष्मताईंनी सकाळी निरोप पाठवला. पर्स खांद्याला तशीच, मीही सरळ सूक्ष्मदर्शकापाशी. तपकिरी कणाला चिकटून एक देठ, त्यावर एक घंटा, तोंड उघडं. खात होती. बघता बघता दुसरी दिसली.

"आता चहा घ्या," ताई म्हणाल्या. घेतला.

बढती गेली, चौकशी संपेपर्यंत तात्पुरती प्रमुख. नवरा म्हणतो, "तात्पुरते तर आपण सगळेच." रक्तदाब, आश्चर्य म्हणजे, उतरलाय. भिंतींवर परत शेवाळ धरतंय, धरू दे. आधीच्या प्रमुखांना फोन केला आणि त्यांच्याबद्दल मनात काय काय म्हटलं होतं ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मीसुद्धा आल्या आल्या घासलं होतं हो. थोडंच. म्हणून तर सांगितलं." म्हटलं, तेवढं पुढचं वाक्यही सांगायचं होतंत.

४ मे, रविवार

नदीचं पाणी सुधारतंय. सासरेबुवांनी गळ काढला. शेजारची जागा मात्र रिकामी.

काकांकडे गेले. त्यांना म्हटलं, आमच्या टाकीला शेजारून विरजण मिळालं, तुमच्या रांजणाला कुठून आणू? सांगाल तिथे जाईन. ते म्हणाले, "कोणाकडे राहिलंच नाही गं. आजोबांनी लावलं होतं, ते गेलं." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, म्हणून मला आणखीच सहन झालं नाही.

नव्याने लावता येतं का? येतं म्हणाले. नीळ, चुना, कोंडा, ऊब, रोजचं ढवळणं. आणि मग वाट बघायची. "लागलं तर लागलं. आजोबांचंही पहिल्या खेपेला लागलं नव्हतं. या वयात कोण करणार?"

"मी ढवळीन."

"तुला वास सोसायचा नाही."

सासरेबुवा मधेच म्हणाले, "वास यायला लागेपर्यंत तर ढवळू दे तिला."

१८ मे, रविवार

केंद्रावरून परतताना रोज काकांकडे जाते. उन्हात तापलेलं पाणी ओतून रांजण कोमट ठेवायचा, लांब काठीने तळापासून ढवळायचं, सावकाश, हवा जास्त न मिसळता. माझ्या टाकीच्या नेमकं उलट. काका ओट्यावर बसून चुका काढतात. आधी नुसते बसायचे, चुका काढत नव्हते, म्हणून मी ही सुधारणा समजते.

रोज वाकून वास घेते. चुन्याचा येतो, कोंड्याचा येतो. बाकी काही नाही. स्वच्छ.

काकांनी विचारलं की मी "अजून नाही" म्हणते. ते मान हलवतात. त्यांचे पांढरे हात मांडीवर पडलेले असतात.

२५ मे, रविवार

आज सासरेबुवाही आले होते. मी झाकण काढलं. पाण्यावर तांबूस सायीचा एक पातळ पदर होता, पण कालही दिव्याच्या उजेडात तसा भास झाला होता, म्हणून बोलले नाही. काका भिंत धरून आले. म्हणाले, "माझं नाक म्हातारं झालं, पोरी. तुझ्या सासऱ्याचं तर जन्मभर चोंदलेलं. तूच बघ. तुझ्यासारखं नाक शहरात नाही."

मी गुडघ्यावर बसले आणि तोंड अगदी रांजणात घातलं. चुना. कोंडा. आणि त्यांच्या खालून, हळूच, आंबूस, कुबट असं काहीतरी. मी डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. दोघे म्हातारे श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घाण येतेय, काका," मी म्हणाले.

काकांनी बाही कोपरापर्यंत वर सारली.